तिसऱ्या थराला चिखल का होतो: गिटार, लूपर आणि एकटा वादक

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला गंगापूर रोडवर फ्लॅटमध्ये राहणारा वादक. जवळ इलेक्ट्रिक गिटार, दहा वॉटचा ॲम्प, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), एक डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) आणि एका बटणाचा लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा (लूप) पुन्हा पुन्हा वाजवणारं आणि त्यावर नवे थर चढवू देणारं पेडल. गाणं नाही, ड्रम नाहीत. एकट्यानं वीस-पंचवीस मिनिटांचं प्रयोगशील वाद्यसंगीत करायचं आहे. अडचणी तीन: लूप जिथे जुळतो तिथे झटका बसतो किंवा ‘टक’ वाजतं, तिसरा थर टाकला की सगळ्याचा चिखल होतो, आणि एवढा डोंगर रचल्यावर खाली कसं उतरायचं ते कळत नाही. शिवाय एक उपप्रश्न: मोठा लूपर घेतला तर हे सुटेल का?

उपप्रश्नाचं उत्तर आधी. नाही सुटणार, दोन ट्रॅकचा लूपर घेतलात तर तोच चिखल दोन ट्रॅकवर होईल. तिन्ही अडचणींचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या लूपमध्ये असतं. लूपर नवा असताना माणूस पहिला लूप भरगच्च वाजवतो: चार कॉर्ड, मधूनमधून खालच्या तारा, वर एखादी हरकत. ऐकायला तो एकटाच छान लागतो आणि तिथेच घात होतो, कारण त्यात दुसऱ्या कुणाला बसायला जागा उरत नाही. सोलो तबल्याच्या मैफलीत लेहरा धरणारा आठवा. पेटीवर किंवा सारंगीवर तेच एक आवर्तन तो पाऊण तास वाजवतो. त्यात कलाकुसर नसते, पण सम कुठे आहे ते कुणालाही कळतं. तुमचा पहिला लूप म्हणजे हा लेहरा. तो ऐकून ‘हे फारच अपुरं वाटतंय’ असं झालं, तर काम जमलं म्हणायचं.

आता जोडणी. क्रम असा ठेवा: गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल असेल तर ते, डिले, लूपर, त्यानंतर रिव्हर्ब (घुमारा देणारं पेडल) असला तर फक्त रिव्हर्ब, आणि मग ॲम्प. ओव्हरड्राइव्ह लूपरच्या आधी असला की प्रत्येक थर आपापला फाटतो आणि नंतर बेरीज होते. तोच लूपरनंतर आला की सगळे थर एकाच सर्किटमध्ये एकत्र घुसून चिरडले जातात. दोन वेगळ्या सुरांमधून तिसरेच बेसूर निघतात ते तिथे. पेडलांचा क्रम बरोबर लावूनही पुष्कळांचं इथे चुकतं, कारण ॲम्प गेन चॅनलवर, म्हणजे आवाज फाडणाऱ्या बाजूवर, असतो. ॲम्पचा गेन म्हणजेही लूपरनंतरचा ओव्हरड्राइव्हच. तेव्हा ॲम्प क्लीन चॅनलवर आणि मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) अशा बेतानं ठेवा की सगळ्यात जोराचा स्ट्रोकही स्वच्छ निघेल.

डिले लूपरच्या आधी ठेवल्यावर एक गंमत होते आणि ती न कळल्यानं लोक वैतागतात. लूप बंद केला त्या क्षणी डिलेची शेपटी, म्हणजे विरत जाणारा प्रतिध्वनी, अजून वाजत असते. पहिल्या फेरीच्या सुरुवातीला ती ऐकू येते, पण ती लूपमध्ये रेकॉर्ड झालेली नसते. दुसऱ्या फेरीला तीच जागा एकदम कोरडी लागते आणि तुम्हाला वाटतं, लूपर आवाज खातोय. उपाय सोपा आहे: रेकॉर्डिंग संपवताना थेट प्लेमध्ये न जाता ओव्हरडबमध्ये (वाजत्या लूपवर नवा थर रेकॉर्ड करणं) जा, तीन-चार सेकंद तारांना हात न लावता थांबा, शेपटी लूपच्या तोंडाशी नीट बसू द्या, आणि मग ओव्हरडब बंद करा. काही लूपरमध्ये ‘रेकॉर्ड-ओव्हरडब-प्ले’ हा क्रम सेटिंगमध्ये निवडता येतो. नसेल तर बटण पटकन दोनदा दाबण्याच्या भानगडीत पडू नका, कारण बहुतेक एकबटणी लूपरमध्ये दोनदा दाबणं म्हणजे स्टॉप. प्ले झाल्यावर श्वासभर थांबून मग ओव्हरडब दाबा. शेपटीचा पहिला तुकडा जाईल, बाकीची वाचेल.

वीजपुरवठ्याचं पटकन सांगतो. पेडलांना साधारणपणे नऊ व्होल्ट डीसी लागतो आणि मधली पिन निगेटिव्ह असते. किती मिलीॲम्पियर लागतात ते पेडलच्या पाठीवर छापलेलं असतं. लूपर डिजिटल असल्यामुळे तो ओव्हरड्राइव्हबरोबर एकाच साखळी-केबलवर लावला तर बारीक ‘चीं’ ऐकू येते. त्याला वेगळा ॲडॉप्टर द्या किंवा प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड असलेला पॉवर सप्लाय घ्या. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर वीज गेल्यावर सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर उचलणारा, एकाच कॉइलचा) गुरगुरायला लागतो. त्यावर इलाज नाही. तेवढा वेळ रेकॉर्ड करू नका.

आणि हा गुरगुराट थराथरानं वाढतो. ओव्हरडब चालू ठेवून पुढे काय वाजवायचं याचा विचार करत बसलात, तर प्रत्येक फेरीला घरच्या विजेचा पन्नास हर्ट्झचा हम (हाच गुरगुराट) आणखी एकदा लूपमध्ये जातो. लूपची लांबी वीस मिलिसेकंदांच्या नेमक्या पटीत आली तर हे हम एकावर एक चढतात आणि चार थरांत बारा डेसिबलपर्यंत वाढ होते. म्हणून नियम ठेवा की ओव्हरडब फक्त वाजवताना चालू, आणि वाक्य संपलं की आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य, मग पाय. खुर्ची थोडी फिरवून बघा. एका कोनात सिंगल कॉइलचा हम जवळजवळ नाहीसा होतो. तो कोन सापडला की खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर खडूनं खूण करा.

आता सांध्याकडे, म्हणजे लूपचा शेवट सुरुवातीला मिळतो त्या जागेकडे, येऊ. सांध्यावर दोन वेगळे दोष असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ‘टक’ हा आवाजाचा दोष. तार वाजत असताना लूप कापला की लहर मध्येच तुटते आणि सुरुवातीची लहर तिच्याशी जुळत नाही. झटका हा लयीचा दोष. पाय चुकीच्या क्षणी पडलेला असतो.

झटक्यासाठी एक परीक्षा करा. तारा डाव्या हातानं दाबून बंद ठेवा, मेट्रोनोमवर ८४ ची लय लावा आणि रूपकाच्या सात मात्रा नुसत्या ‘चिक चिक’ अशा पिकनं वाजवा. या लयीत एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचं होतं. पहिल्या मात्रेला बटण दाबून सुरू, आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला दाबून बंद. इथे नेहमीची चूक म्हणजे सातवी मात्रा ऐकून झाली की लगेच पाय पडतो. सातवी मात्रा वाजली म्हणजे संपली नव्हे. तिचा जवळजवळ पाऊण सेकंद अजून जायचा असतो. आता मेट्रोनोम बंद करून दहा फेऱ्या ऐका. सातवी आणि पहिली यांच्यातलं अंतर बाकीच्यांपेक्षा मोठं वाटलं तर पाय उशिरा पडतोय, लहान वाटलं तर घाईत. उशीर होणाऱ्यांचा पाय बहुधा जमिनीवरून उचलण्यातच वेळ खातो. टाच जमिनीवर टेकवून पंजा सहाव्या मात्रेपासूनच बटणावर तयार ठेवा आणि शरीराचा भार दुसऱ्या पायावर घ्या. जाड तळाच्या बुटानं बटणाचा अंदाज येत नाही; पातळ चप्पल किंवा अनवाणी पाय बरा.

पन्नास मिलिसेकंद उशीर एका फेरीत कळतही नाही. एकटा लूप असेल तर तोच त्याचा ताल होऊन जातो आणि बिघडत काही नाही. पण शेजारी ड्रम मशीन किंवा तबल्याचं ॲप चालू असेल तर दर फेरीला तेवढीच घसरण होते आणि दहा फेऱ्यांत अर्धा सेकंद होतो. म्हणून लूपरला क्लॉक (बाहेरच्या तालाशी लय जुळवणारा सिग्नल) जोडता येत नसेल तर बाहेरचा ताल लावूच नका. ताल हवा असेल तर तो गिटारवरच वाजवून लूपमध्ये घाला.

रूपक इथे मुद्दाम घेतला आहे. त्याची सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या, मात्रेवर येते आणि पहिली टाळी चौथ्या मात्रेवर पडते. पहिल्या मात्रेला वजन नसल्यामुळे सांधा आपोआप झाकला जातो. तीनतालात किंवा चार मात्रांच्या बीटमध्ये पहिल्या मात्रेला जोराचा स्ट्रोक मारण्याचा मोह होतो, आणि लूपचा सांधाही नेमका तिथेच असतो. तेव्हा सांध्यावर काहीही न वाजवणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती. चौथ्या मात्रेला खालचा सा, सहाव्या मात्रेला प, बाकी शांतता. ‘टक’चाही इलाज हाच: लूप बंद करण्याआधी अर्धा सेकंद तारा तळहातानं थांबवा. लांब स्वर सांध्यावरून पलीकडे न्यायचाच असेल तर तो पहिल्या थरात घेऊ नका. ओव्हरडबमध्ये घ्या, सांध्याच्या आधी सुरू करून नंतर संपवा. तिथे लहर तुटत नाही.

चिखलाचा हिशेब साधा आहे. गिटारच्या कॉर्डांचं बहुतेक अंग ८० ते ४०० हर्ट्झमध्ये असतं. तीन थरांत तीन वेळा पहिल्या पाच फ्रेटांवर कॉर्ड वाजवल्या, तर तिन्ही थर एकाच खोलीत कोंबले जातात. वर आवाजाची बेरीज: सारख्या जोराचे दोन वेगळे थर मिळून तीन डेसिबल, चार मिळून सहा, आठ मिळून नऊ डेसिबल वाढतात. पहिला थरच पूर्ण जोरात घेतला असेल तर चौथ्यापर्यंत लूपर नाहीतर ॲम्प फाटतो. पहिल्या थराला गिटारचा व्हॉल्यूम ६ वर ठेवा, पुढच्या थरांना ५ किंवा ६, आणि जे रेकॉर्ड न करता वर वाजवायचं त्याला ८ किंवा ९. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात आणि मग लूपर लाइव्ह वाजवणं गिळतो म्हणून तक्रार करतात.

आवाजाची वाटणी करताना दर थराला पिकअप आणि टोनचा नॉब बदला. गळ्याकडचा पिकअप आणि टोन ३ वर: हा खालचा थर. ब्रिजचा पिकअप, टोन पूर्ण उघडा, बाराव्या फ्रेटच्या वर: हा वरचा. तिसऱ्या थराला सूरच नको. नुसता पोत असू द्या. चौथा बहुतेक वेळा लागत नाही.

हे सगळं एका तुकड्यात कसं उतरतं ते बघू. ताल नाही, चोवीस सेकंदांचा लूप, साधारण आठ-नऊ मिनिटं. तारा खालून वर सा-प-सा-म-प-सा अशा लावा, म्हणजे डी, ए, डी, जी, ए, डी. नेहमीच्या ट्यूनिंगपासून सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवायची आहे. दहाचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) असेल तर सहावी तार ढिली लागते. ती ४८ किंवा ५० ची घाला.

बटण दाबा आणि तीन सेकंद काहीच करू नका. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सहावी तार मोकळी छेडा आणि करंगळीनं नॉब चार सेकंदांत ६ पर्यंत उघडा. पिकचा घाव ऐकू येता कामा नये, स्वर कमानीनं घासल्यासारखा उगवला पाहिजे. दहाव्या सेकंदापर्यंत धरा, तेराव्यापर्यंत शून्यावर आणा. पुढचे चार सेकंद रिकामे. सतराव्या सेकंदाला पाचव्या तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर), मऊ बोटानं. तो विरत तेविसाव्या सेकंदाला संपतो, चोविसाव्याला बटण. सांध्यावर काही वाजत नसल्यानं इथे पाय अर्धा सेकंद मागेपुढे झाला तरी चालतो. ताल नसलेल्या लूपनं शिकायला सुरुवात करावी असं म्हणतो ते यासाठीच.

आता दोन फेऱ्या नुसत्या ऐका. हे सांगितलेलं कुणी करत नाही. अठ्ठेचाळीस सेकंद हात बांधून बसणं जड जातं, पण तेवढ्यातच कळतं की तेराव्या ते सतराव्या सेकंदात जागा आहे. दुसरा थर फक्त तिथे: पहिल्या तारेवर स्लाइडनं (बोटात घालायच्या नळीनं) दोन स्वर, वरचा प आणि त्यावर हलका सा. ओव्हरडब बाराव्या सेकंदाला चालू, अठराव्याला बंद. तिसरा थर घेण्याआधी चौथ्या-पाचव्या फ्रेटपाशी तारांमध्ये वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी खालीवर विणून घाला आणि बोटांच्या टोकांनी तारांवर टिचक्या मारा, एका फेरीत पाच-सहा, सारख्या अंतरावर नाहीत. घुंगरू ओल्या फडक्यात गुंडाळून हलवल्यासारखा आवाज येतो. मग पट्टी काढा, ओव्हरडबला हात लावू नका आणि पुढची चार मिनिटं वर मोकळं वाजवा. हा तुकड्याचा गाभा. लूप लेहरा धरतोय आणि तुम्ही रेकॉर्ड न करता बोलताय. जे वाजवलं ते गेलं, परत येणार नाही. श्रोत्याला तेच जिवंत वाटतं.

इथे सुराबद्दल एक बारीक गोष्ट, कारण नाशिकच्या श्रोत्याला तंबोरा ठाऊक आहे. ज्या गावात पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रम काढला, तिथे षड्जाखाली घसरलेला स्वर ऐकणाऱ्याला लगेच खटकतो. प ची चिंता नाही. फ्रेटवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरा असतो. गंधाराचं तसं नाही. फ्रेटवरचा शुद्ध ग तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा चौदा सेंट चढा आहे. लूपमध्ये १४६.८ हर्ट्झचा सा धरलाय आणि तुम्ही त्यावरचा ग १८५ हर्ट्झवर वाजवलात, तर सा चा पाचवा हार्मोनिक (पाचपट कंपनांचा उपस्वर) ७३४ वर आणि ग चा चौथा ७४० वर येतो. सेकंदाला जवळपास सहा ठोक्यांची थरथर कानाला लागते. ती हवी असेल तर ठेवा, सुंदरही लागते. नको असेल तर ग फ्रेट दाबून घेऊ नका, स्लाइडनं घ्या आणि थरथर थांबेपर्यंत नळी फ्रेटच्या रेषेच्या किंचित मागे सरकवा. बारा स्वरांच्या चौकटीतून बाहेर पडायला स्लाइडसारखं साधन नाही; हिंदुस्थानी संगीतात पं. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर घेऊन तेच केलं.

दुसरं म्हणजे लूपचा सूर जिथल्या तिथे राहतो आणि गिटार सरकते. जानेवारीच्या सकाळी गारठलेली गिटार हातात घेतली की तारा गरम होत उतरतात. पाच मिनिटांत लूपचा सा आणि तुमचा सा वेगळे होतात. वाजवायच्या जागेवर गिटार निदान अर्धा तास आधी पेटीबाहेर काढून ठेवा. ट्यूनर साखळीच्या सुरुवातीला ठेवायचं कारणही हेच: ट्यूनर दाबला की फक्त गिटार गप्प होते, लूप चालू राहतो आणि मध्येच सूर लावून घेता येतो.

पोताच्या आवाजांसाठी पेडल विकत घ्यायची गरज कमी असते. छोटी मगरचिमटा क्लिप चौथ्या तारेवर ब्रिजपासून तीन-चार सेंटिमीटरवर लावली की तार घंटेसारखी वाजते, आणि क्लिप एक सेंटिमीटर सरकवली की वेगळी घंटा. बाराव्या फ्रेटपाशी तारांखालून बारीक स्क्रूड्रायव्हर सरकवला की प्रत्येक तार दोन भागांत वाजते. व्हायोलिनची कमान चालते, पण राळ तारांवर चिकटते. नंतर कोरड्या फडक्यानं पुसा. गिटारचा ब्रिज सपाटीकडे झुकणारा असल्यामुळे कमान फक्त कडेच्या दोन तारांना नीट लागते. ई-बो हे हातात धरायचं छोटं यंत्र तारेला चुंबकानं थरथरत ठेवतं, त्यामुळे स्टीलच्याच तारांवर चालतं, नायलॉनच्या नाही.

भांडी बाजारातून पितळेची वाटी आणून पिकअपवर धरणारे पुष्कळ असतात आणि काहीच ऐकू आलं नाही की गोंधळतात. मॅग्नेटिक पिकअपला चुंबकाला चिकटणारा धातू हलताना कळतो. पितळ आणि तांबं त्याच्या हिशेबी जवळजवळ नसतंच. वाटीनं तार घासलीत तर तारेचा आवाज येईल, वाटीचा नाही. वाटीचा हवा असेल तर २७ मिलिमीटरची पिएझो चकती (थरथरीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी) घ्या, दोन वायरी आणि जॅक सोल्डर करा आणि चकती वाटीच्या तळाला दुहेरी टेपनं चिकटवा. पिएझोला एक मेगाओहमच्या आसपास रोधाचा इनपुट लागतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला लावली तर खालचा आवाज गळून पडतो आणि डबा वाजल्यासारखं होतं. गिटारच्या पेडलमधून नेली तर ठीक.

बाहेरचा आवाज लूपमध्ये आणायची एक मस्त युक्ती आहे. मोबाइलवर गोदाघाटावरच्या घंटा, पाण्याचा आवाज, नारोशंकराच्या मंदिराजवळची वर्दळ रेकॉर्ड करा आणि वायरवाला इयरफोन चालू करून पिकअपपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरा. इयरफोनमधल्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र पिकअप थेट उचलतो. आवाज पातळ, जुन्या रेडिओसारखा येतो आणि हात लांब नेला की विरतो. व्हॉल्यूम पेडलचं काम इयरफोन धरलेला हातच करतो.

आता उतरणीचं. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि प्रयोगशील संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन रेव्हॉक्स टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून असेच लूप केले. एकावर रेकॉर्ड झालेली टेप पुढे दुसऱ्यावर वाजायची आणि तो आवाज परत पहिल्यावर जायचा. दर फेरीला आवाज थोडा कमी आणि थोडा मळका होई, त्यामुळे जुने थर आपोआप विरायचे. विसरणं त्या यंत्रातच होतं. आजचा डिजिटल लूपर काही विसरत नाही. पहिला थर शंभराव्या फेरीला तसाच्या तसा हजर. काही लूपरमध्ये ओव्हरडबचा फीडबॅक (दर फेरीला जुन्या आवाजाचा किती हिस्सा उरतो ते) कमी करता येतो. तो ८० टक्क्यांवर ठेवला तर ओव्हरडब चालू असताना जुना थर तीन फेऱ्यांत निम्मा आणि दहा फेऱ्यांत दहाव्या हिश्श्यावर येतो. असा लूपर असेल तर डोंगराचा प्रश्नच उद्भवत नाही. तुम्ही नवं बोलत राहता, मागचं विझत जातं.

एका बटणाच्या साध्या लूपरमध्ये ही सोय नसते. तिथे अनडू हाताशी असतो, पण त्याची मर्यादा ओळखा: बहुतेक लूपरमध्ये तो शेवटची ओव्हरडबची बैठक काढतो, शेवटची फेरी नव्हे. चार फेऱ्या ओव्हरडब चालू ठेवून वाजवलंत तर अनडूनं चारही फेऱ्या जातात. याचा उलट फायदाही आहे: शेवटचा थर मुद्दाम मोठा आणि धारदार घ्या आणि अनडूनं तो एका झटक्यात काढा. अचानक उघडी पडलेली पातळ शांतता श्रोत्याला चढापेक्षा जास्त लागते. लूपरमध्ये अर्धा वेग असेल तर वरचा चोवीस सेकंदांचा लूप अठ्ठेचाळीसचा होतो आणि सगळं एक सप्तक खाली येतं. ७३ हर्ट्झचा खर्ज सा ३७ च्या आसपास जातो. त्यावर दोन मिनिटं मधल्या सप्तकात वाजवा आणि लूपरची लेव्हल अर्ध्या मिनिटात हातानं शून्यावर आणा. स्टॉपचं बटण दाबून थांबू नका. दोनदा दाबताना पहिल्या दाबाला ओव्हरडब चालू होतो, क्षणभराचा आवाज आत जातो आणि शेवट लंगडा होतो.

दोन लूप एकमेकांवर सरकवायचे असतील तर दोन लूपर लागतात, किंवा सिंक (दोन्ही लूपांची लांबी एकमेकांना बांधणारी सोय) बंद करता येणारा दोन ट्रॅकचा. एक लूप सात सेकंदांचा आणि दुसरा सात पूर्णांक दोन दशांशांचा घेतला, तर ते पुन्हा एकत्र यायला चार मिनिटं बारा सेकंद लागतात आणि तोवर दर फेरीला नवी जुळणी ऐकू येते. तालात हवं असेल तर रूपक आणि झपताल: सात आणि दहा, सत्तराव्या मात्रेनंतर सम एकत्र. लूपर एकापुढे एक जोडले असतील तर ॲम्पच्या बाजूचा आधी भरा. गिटारच्या बाजूचा आधी भरलात तर तो वाजत असताना दुसऱ्यातही छापला जातो, आणि मग दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

बाहेर वाजवताना, मग ते कुसुमाग्रज स्मारकात असो की कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेत, दहा वॉटच्या ॲम्पचा भरवसा धरू नका. त्याचा छोटा स्पीकर खर्जाचे ७३ हर्ट्झ धड देतच नाही, तुम्ही घरी फक्त त्याचे वरचे हार्मोनिक ऐकत असता. हॉलच्या साउंड सिस्टीमवर तोच लूप नेला की खर्ज एकदम उसळतो आणि वरचं सगळं बुडतं. साउंड चेकला आधी एकटा पहिला थर वाजवा, मिक्सरवाल्याला ऐंशी हर्ट्झच्या खालचा भाग उतरवायला सांगा, आणि मग बाकीचे थर घ्या. स्टेजवरच्या मॉनिटरमध्ये लूप स्पष्ट ऐकू आला पाहिजे; तो नीट ऐकू आला नाही की माणूस जोरात वाजवतो आणि लय सुटते. तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत ढोल पथकांचा सराव संध्याकाळी सुरू असतो, आणि नाशिक ढोलापुढे हार्मोनिकचा लूप टिकत नाही.

आता खरेदीचं. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या साध्या डिटोमध्ये पाच मिनिटांचा लूप मावतो, बॉसच्या आरसी-१ मध्ये बारा मिनिटांचा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या ७२० मध्येही बारा मिनिटं आणि शिवाय अर्धा वेग व उलटा आवाज. चोवीस सेकंदांच्या लूपला यातलं काहीही पुरतं. आहे तोच लूपर ठेवा आणि त्याला मागे फूटस्विचचा जॅक असेल, जसा आरसी-१ ला आहे, तर स्टॉपसाठी वेगळा फूटस्विच जोडा. जॅक नसेल तर लूपरनंतर व्हॉल्यूम पेडल ठेवा. शेवट पायानं उतरवता येतो आणि दोन्ही हात गिटारवर राहतात.